पहिल्या जागेवरचा सरडा

आमच्या विहीणबाई, धुळ्याच्या वच्छलाबाई, सुनेला, माझ्या लेकीला सुनंदाला, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला माहेरी आठ दिवस पाठवायच्या. आठ म्हणजे जायचा दिवस धरून आणि यायचा दिवस धरून आठ. धुळ्याहून आमच्या गावापर्यंत चार एसट्या बदलाव्या लागतात. शेवटची मुक्ताईनगरहून, आणि ती येईल तेव्हा येईल. म्हणजे हातात पडायचे सहा. त्यात आमची नात गुड्डी साडेतीन वर्षांची. पहिले दोन दिवस ती मला बघून आईच्या पदरात शिरायची, तिसऱ्या दिवशी माझ्या हातून खायची, पाचव्या दिवशी माझ्या कुशीत झोपायची आणि सातव्या दिवशी सुनंदा पिशव्या भरायला लागायची. दर वर्षी ओळख व्हायची आणि दर वर्षी पुसली जायची.

मला पूर्ण महिना हवा होता. तो मिळवायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे विहीणबाईंना पत्त्यांत हरवणं.

हे पत्ते म्हणजे राजा-राणीचे नव्हेत. तेव्हा मोरपंखी चहाच्या अर्ध्या किलोच्या पुड्यात एक पत्ता निघायचा. पत्त्यावर प्राण्याचं चित्र आणि खाली चार आकडे: वजन, वेग, आयुष्य आणि एका वेळची पिल्लं. लेकरांसाठी काढले असतील कंपनीने, पण खान्देशात चहा बायका विकत आणतात, पुडा बायका फोडतात, त्यामुळे पत्तेही बायकांच्याच डब्यात राहिले. आखाजीला पत्ते खेळायची मुभा आमच्याकडे आधीपासूनच आहे. आम्ही ती मुभा दोन महिने अलीकडे ओढली आणि दोन महिने पलीकडे.

खेळ सोपा. आपापले दहा पत्ते निवडायचे, आपल्या मनाने क्रम लावायचा आणि गठ्ठा उपडा ठेवायचा. जिची पुकार असेल तिने आपला वरचा पत्ता बघून चारांतला एक आकडा पुकारायचा. मग दोघींनी पत्ते उलटायचे. मोठा आकडा जिचा, तिने दोन्ही पत्ते उचलून बाजूला ठेवायचे, आणि पुढची पुकारही तिचीच. आकडे सारखे आले तर पुकार लगेच दुसरीकडे जाते, दोन्ही पत्ते मध्ये पडून राहतात आणि पुढचा हात जिंकणारी ते उचलते. दहा हात झाले की जिच्याकडे जास्त पत्ते, ती जिंकली.

पैज पहिल्याच वर्षी लागली होती. मी हसत हसत म्हटलं होतं, ‘‘विहीणबाई, मी जिंकले तर पोरगी महिनाभर माझी.’’ त्या म्हणाल्या, ‘‘आनि मी जिंकनू तं आठ रोज.’’ बरोबरी झाली तर मुलाकडच्यांची सरशी धरायची, हे कुणी बोललंही नाही. ते काय बोलायचं असतं का?

तीन वर्षं मी हरले. पहिल्या वर्षी वीसपैकी चार पत्ते मिळाले, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी गुड्डीने उचलून दिलेला एक, तो मी परत केला.

हरायचं कारण आमच्या घरातच बसलेलं असायचं. आमचे हे, म्हणजे तोताराम, केळीवाले. केळीच्या माणसाला जगात एकच आकडा कळतो. घड उचलायचा, हाताने अंदाज घ्यायचा, ‘अठरा किलो’ म्हणायचं आणि खाली ठेवायचा. यांनी सुनंदाचं स्थळ बघतानासुद्धा जावयाला दोन्ही खांद्यांना धरून किंचित हलवून बघितलं होतं. तर माझे दहा पत्ते हे निवडायचे आणि ते असे असायचे: हत्ती, गेंडा, पाणघोडा, गवा, रेडा, उंट, अस्वल, म्हैस, बैल, मगर. दहाच्या दहा वजनदार. हे गठ्ठा हातात घ्यायचे आणि खरंच तोलून बघायचे.

उलट धुळ्याची मंडळी आग्रा रोडवरची. शालिग्राम आबांचं, म्हणजे आमच्या व्याह्यांचं, आयुष्य ट्रकांचे टायर बदलण्यात गेलेलं. त्या घरात माणूस चांगला की वाईट हे तो किती वाजता निघाला आणि किती वाजता पोहोचला यावरून ठरतं. विहीणबाईंचा गठ्ठा चित्ता, घोडा, काळवीट, शहामृग असा पळत सुटायचा. त्या ‘वेग’ म्हणायच्या आणि माझा हत्ती जागच्या जागी हरायचा. हात त्यांनी जिंकला की पुकार त्यांचीच, की पुन्हा वेग.

त्या वर्षी, म्हणजे ब्याण्णव-त्र्याण्णव असेल, आखाजीला तीन आठवडे असताना मी पुडा फोडला आणि त्यातून सरडा निघाला.

असा पत्ता आम्ही पाहिलेला नव्हता. हिरव्या फांदीवर हिरवा सरडा आणि खाली चारही जागी आकडाच नाही. वजन: समोरच्याइतके. वेग: समोरच्याइतका. आयुष्य: समोरच्याइतके. पिल्ले: समोरच्याइतकी.

मी तो यांच्यासमोर ठेवला. यांनी चष्मा लावला, पत्ता उजेडाकडे धरला, उलटून बघितला.

‘‘याचं वजन कुठी हाये?’’

‘‘समोरच्याइतकं,’’ मी म्हटलं.

‘‘समोरच्याचं ते समोरच्याचं. याचं सोताचं किती?’’

‘‘सोताचं नाही.’’

‘‘मंग हा पत्ता काय कामाचा?’’ म्हणून यांनी तो माझ्याकडे सरकवला.

शेजारच्या बेबाबाई अडकित्ता मागायला आल्या होत्या. त्यांनी पत्ता वाचला आणि म्हणाल्या, ‘‘हा तं माह्या मानसासारखा हाये वं. ज्याच्यापाशी बसला त्याच्यासारखा. भजनवाल्यांत बसला की टाळ, पत्तेवाल्यांत बसला की तीनपत्ती. जिंकतही नही, हरतही नही, संध्याकाळी घरी येतो.’’

‘‘म्हणजे चांगला की वाईट?’’ मी विचारलं.

‘‘इतके वरीस झाले, मलेच समजलं नही,’’ बेबाबाई म्हणाल्या. ‘‘तुले काय सांगू?’’

आता पत्ता कामाचा आहे की नाही, हे तोंडाने ठरत नाही. खेळून बघावं लागतं. दुपारच्या वेळी, बागेला पाणी सोडून हे घरी यायचे तेव्हा, मी आणि हे ओसरीत बसलो आणि सलग आठ डाव खेळलो. माझ्या गठ्ठ्यात सरडा, यांच्या गठ्ठ्यात विहीणबाईंसारखे पळणारे पत्ते, बेबाबाईंकडून उसने आणलेले. पहिली पुकार कुणाची हे दर डावाला चिंचोका उडवून ठरवायचं. काळी बाजू माझी, फोडलेली पांढरी बाजू यांची. सरडा आधी पाचवा ठेवून बघितला, मग शेवटचा, मग तिसरा, मग पहिला. मी प्रत्येक वेळी कॅलेंडरच्या मागे लिहीत होते.

निकाल असा लागला की सरड्याला ठाम काही म्हणायचंच नव्हतं. माझी पुकार चालू असताना तो आला की बरोबरी व्हायची आणि पुकार यांच्याकडे जायची. चांगला चाललेला डाव बिघडायचा. यांची पुकार असताना आला की पुकार माझ्याकडे यायची. पण तोवर हे सहा पत्ते घेऊन बसलेले असायचे. पहिल्या जागेवर ठेवला तो डाव मी वाईट हरले, कारण चिंचोका काळा पडला होता आणि पहिली पुकार माझी होती. माझ्याच सरड्याने माझीच पुकार यांच्या हातात नेऊन दिली.

‘‘म्या सांगतलं होतं,’’ हे म्हणाले. ‘‘वजन नही त्याच्यात.’’

मी तो बेबाबाईंना द्यायला गेले, बदल्यात त्यांच्याकडचा जास्तीचा घोडा द्या म्हटलं. त्या नको म्हणाल्या. फुकट घ्या म्हटलं, तरी नको म्हणाल्या. ‘‘घरात एक हाये, पुरे झाला.’’

म्हणून सरडा माझ्या बटव्यात राहिला, सुपारी आणि एसटीच्या सुट्ट्या पैशांबरोबर.

आखाजीच्या तीन दिवस आधी आम्ही धुळ्याला निघालो. आम्हाला मुलगा नाही, त्यामुळे पोरीला आणायला मुऱ्हाळी म्हणून आम्ही दोघंच जातो. भुसावळपर्यंत उभ्याने, जळगावपर्यंत अर्ध्या सीटवर. जळगावहून धुळ्याच्या गाडीत मात्र बसायला नीट जागा मिळाली. यांनी पिशवीतून दहा पत्त्यांचा गठ्ठा काढला, तोलला, समाधानाने परत ठेवला आणि दर वर्षीचं बोलणं सुरू केलं.

‘‘तिथी गेल्यावर नीट ऱ्हाय. दोनदा आग्रह केल्याबिगर ताटावर बसू नको. त्यायनं चहा घेतल्याबिगर तू कप उचलू नको. आन् पहिली पुकार त्यायची. मागच्या वर्षी तू तोंड उघडलं होतं, म्या पाह्यलं.’’

‘‘उघडलं होतं, बोलले कुठे?’’

‘‘उघडूही नको. पोरीकडचे आपुन. पहिली पुकार विहीणबाईचीच. आपुन मरेपरयंत.’’

मी हो म्हटलं. एरंडोल गेलं. खिडकीतून गरम वारा येत होता आणि मी मनातल्या मनात दर वर्षीसारखं चरफडत होते, की चिंचोका नाही, चिठ्ठी नाही, काही नाही, पहिली पुकार आपली त्यांचीच. मुलगी दिली म्हणजे पत्त्यांतसुद्धा... आणि पारोळ्याच्या स्टँडवर गाडी वळून थांबली तेव्हा माझं चरफडणं एकदम थांबलं.

घरी आम्ही चिंचोका उडवत होतो. आठ डावांत पुकार कधी माझी, कधी यांची. म्हणून सरड्याचं काही नक्की ठरत नव्हतं. पण धुळ्याला चिंचोका उडतच नाही. धुळ्याला पहिली पुकार कुणाची हे माझ्या पोरीचं लग्न झालं त्या दिवशीच ठरलेलं आहे. मग तिथे पहिल्या जागेवर सरडा ठेवला तर?

त्या काही का पुकारेनात. वेग म्हणोत, आयुष्य म्हणोत. सरडा तेवढाच. बरोबरी. त्यांचा मान कुणी मोडलेला नाही, त्यांचा पत्ता कुणी जिंकलेला नाही, आणि पुकार मात्र माझ्याकडे. दुसऱ्या हाताला माझा हत्ती वर, आणि मी म्हणणार, वजन.

आमच्या बेबाबाईंना तो पत्ता फुकट नको होता आणि ते त्यांचं बरोबरच होतं. सगळ्या जगात तो बिनकामाचा असेल. मुलीच्या आईसाठी मात्र त्याच्याइतका कामाचा पत्ता दुसरा नव्हता.

मी पिशवीतून गठ्ठा काढला, गेंडा बाजूला केला आणि बटव्यातला सरडा सगळ्यांत वर ठेवला.

‘‘गेंडा काढला?’’ हे हळू आवाजात म्हणाले. चार माणसांत मोठ्याने बोलायचे नाहीत. ‘‘दोन टनाचं जनावर काढलं आन् त्याच्या जागी हे?’’

‘‘हो.’’

‘‘तुही तब्येत बरी हाये ना?’’

पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. दोन टनाचं जनावर कुठल्या पिशवीतून काढलं हे त्याला बघायचं असणार. धुळं येईपर्यंत हे गेंडा हातात धरून बसले होते.

धुळ्याला पोहोचलो तेव्हा विहीणबाईंनी चटई आधीच टाकलेली होती. पाय धुवायला पाणी, कैरीचं पन्हं, ख्यालीखुशाली, सगळं झालं. गुड्डी शालिग्राम आबांच्या मांडीवर बसून माझ्याकडे, शेजारच्या गावाहून कुणी बाई आली आहे असं बघत होती. मी हात पुढे केला तर तिने आबांच्या सदऱ्यात तोंड लपवलं.

सुनंदा तिच्या सासूच्या मागे बसली. ती तिथेच बसणार. माझ्याकडे बघून काही खूण नाही, डोळ्यांत काही नाही. मी शिकवलं तसंच वागत होती आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं.

‘‘पुकार मनी शे ना?’’ वच्छलाबाई म्हणाल्या. विचारायची एक रीत म्हणून.

‘‘तुमचीच, विहीणबाई. दुसऱ्या कुणाची असणार?’’ मी इतक्या गोड आवाजात म्हटलं, की यांनी चमकून माझ्याकडे बघितलं.

त्यांनी वरचा पत्ता बघितला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘‘वेग.’’

त्यांचा चित्ता उलटला. माझा सरडा उलटला.

वच्छलाबाईंनी वाकून वाचलं. मग सुनंदाला वाचायला लावलं. मग शालिग्राम आबांना चष्म्यासकट बोलावलं.

‘‘हाऊ सरडा शे,’’ आबा म्हणाले.

‘‘ते मले दिखी राहिनं. पन याना वेग किती?’’

‘‘तुमच्या चित्त्याइतकाच,’’ मी म्हटलं. ‘‘तुमच्यापेक्षा जास्त नाही, विहीणबाई. तेवढाच.’’

‘‘सरडा चित्ताइतला पयस?’’

‘‘पळतो. पत्त्यावर लिहिलंय.’’

आबांनी ते तिसऱ्यांदा वाचलं आणि म्हणाले, की ट्रकमागे दोरीने बांधलेली रिक्षाही ट्रकाइतकीच पळते, त्यात रिक्षाचं काही कौतुक नाही, पण आकडा तोच. धुळ्याच्या घरात यापेक्षा मोठा दाखला नव्हता. बरोबरी धरली. दोन पत्ते मध्ये पडले आणि पुकार दुसऱ्याच हाताला माझ्याकडे आली, चार वर्षांत पहिल्यांदा.

‘‘वजन,’’ मी म्हटलं.

हत्तीने घोडा घेतला, आणि मधले दोन. चार पत्ते. पाणघोड्याने काळवीट घेतलं. सहा. गव्याने शहामृग. आठ. रेड्यासमोर ससा आला तेव्हा मला सशाचं वाईट वाटलं, पण दहा झाले. हे शेजारी ताठ बसले होते, आणि प्रत्येक वजनाला यांची छाती बोटभर वर येत होती. मग यांना एकदम आपण कुठे बसलो आहोत ते आठवलं असावं. यांनी माझ्या पावलावर पाऊल ठेवलं आणि दाबलं. म्हणजे आता एक सोड. पोरीला याच घरात नांदायचं आहे.

मला कळत नव्हतं असं नाही. माझ्या हातात उंट होता. मी ‘वेग’ म्हटलं असतं, ‘पिल्लं’ म्हटलं असतं, एखादा हात सहज गेला असता, मान राहिला असता. मी सुनंदाकडे बघितलं. ती खाली बघून चटईची काडी उपसत होती. चार काड्या उपसून झाल्या होत्या.

‘‘वजन,’’ मी म्हटलं.

वच्छलाबाईंनी देवमासा उलटला.

अख्ख्या धुळे-जळगावात तो पत्ता कुणाकडे निघाल्याचं मी ऐकलं नव्हतं. उंटाचा काय पाड लागणार? यांनी माझ्या पायावरचा पाय काढून घेतला. एका हातापुरते हे समाधानी दिसले. पण पुकार गेल्यावर पुढे काय होतं ते यांना माझ्याइतकंच माहीत होतं. गरुडाने अस्वल नेलं. लांडग्याने म्हैस नेली. ‘आयुष्य’ म्हणून कासवाने बैल नेला, आणि यांच्या तोंडून ‘बैल’ असा बारीक आवाज निघाला.

त्यांचे आठ, माझे दहा, आणि एक हात बाकी. तो त्यांनी जिंकला की दहा-दहा. आणि बरोबरी म्हणजे काय, ते मी वर सांगितलं आहे.

विहीणबाईंनी शेवटचा पत्ता बघितला आणि पहिल्यांदाच हसल्या. माझ्याकडे शेवटी वजनदारच काही असणार, हे त्यांना ठाऊक होतं. वजनदार जनावराला एका वेळी एकच होतं.

‘‘पिल्लं,’’ त्या म्हणाल्या, आणि डुकरीण उलटली. बारा.

माझी मगर होती. यांनी ती वजनासाठी घेतली होती, अर्धा टन. तिच्या बाकीच्या आकड्यांकडे यांनी कधी बघितलंच नव्हतं आणि खरं सांगायचं तर मीही नाही. मी पत्ता उलटला आणि डोळे मिटून घेतले.

‘‘चाळीस,’’ सुनंदा म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच मोठा आला. तिने लगेच पदर सावरला.

‘‘चाळीस?’’ हे म्हणाले. ‘‘मगरीले?’’

वच्छलाबाईंनी पत्ते गोळा केले. चिडल्या नाहीत. एकेक पत्ता पुसून, माझे मला दिले, त्यांचे डब्यात ठेवले. सरडा मात्र हातात धरून थोडा वेळ बसल्या आणि मग तोही माझ्याकडे दिला.

‘‘लई जाय मग,’’ सुनेला म्हणाल्या. ‘‘पोरना झबला जास्तीना ले. महिनाभरना हिशोबतीन.’’

सुनंदा आत गेली. हे आणि आबा गेंड्यावर बोलायला लागले. विहीणबाई चटईवरच बसून होत्या, आणि त्यांच्यापुढे डबा उघडा होता.

‘‘विहीनबाई,’’ त्या हळूच म्हणाल्या, ‘‘महिनाभर मी कोनासंगे खेळू?’’

मला आधी कळलंच नाही. ‘‘म्हणजे?’’

‘‘दुपारले आम्ही दोन्ही खेयतस ना. सुनंदा नि मी. भांडा घासीसन व्हयनात का रोज. आठ रोज मी कशीबशी काढस.’’ त्यांनी आबांकडे बघितलं. ‘‘यासले हत्ती आनि म्हैस एकच दिखस.’’

चार वर्षं मी या बाईला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते इथे लिहीत नाही. आठ दिवसांचा हट्ट म्हणजे सासुरवास असं मी सगळ्या गावाला सांगितलं होतं. आणि ही आपली दुपारचे पत्ते सांभाळत होती.

मला फार वाईट वाटलं. मी मनातल्या मनात पाच दिवस सोडले. तोंडाने एकही सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टँडवर पोहोचवायला आल्या. गाडी लागली. गुड्डी खिडकीशी बसून आजीचा हात सोडेना. कंडक्टरने घंटी दिली तरी दोघी एकमेकींना धरून होत्या, आणि मी शेजारी पिशवी मांडीवर घेऊन, जिंकलेली, बसले होते.

‘‘विहीणबाई,’’ मी खिडकीतून म्हटलं, ‘‘पंधरा दिवसांनी तुम्हीच या. चांगल्या आठ दिवस राहा. जायचा-यायचा दिवस सोडून आठ.’’

‘‘पोरीना माहेरले सासू येस का कधी?’’ त्या म्हणाल्या. ‘‘लोके काय म्हनतीन?’’

गाडी हलली. त्या दोन पावलं बरोबर चालल्या, मग जरा भराभर चालल्या.

‘‘कोनती गाडी सोयनी पडस?’’ त्यांनी विचारलं.